समुद्र, मीठ आणि मोडशी : इंदुरीच्या वाटेवरचा एक विस्मृत इतिहास

#थ्रेड

१)
तळेगाव दाभाडे येथून चाकणकडे जाताना इंद्रायणीच्या काठी इंदुरी हे गाव लागते. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांनी इ.स. १७२०-२१ च्या सुमारास उभारलेला भुईकोट येथे आजही नदीकडे पाठ करून उभा आहे. दरवाजा, बुरूज, आत कडजाईचे देऊळ. आणि पलीकडे तुकोबांच्या चिंतनाने पावन झालेला भंडारा डोंगर. येथून समुद्र दिसत नाही. मध्ये सह्याद्रीची अख्खी भिंत आहे. तरीही या गावाच्या पोटाचे आरोग्य शतकानुशतके समुद्राशी बांधलेले होते. ते कसे, हे आजच्या धाग्यात पाहू.

२)
प्रथम वाट समजून घेऊ. कोकणातून देशावर चढणाऱ्या घाटांमध्ये बोरघाट हा फार जुना. वरच्या अंगाला कार्ले आणि भाजे येथील लेणी आहेत. कार्ल्याच्या शिलालेखांत सोपाऱ्याच्या दात्याचे नाव कोरलेले आहे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रकाठचा माणूस मावळात येऊन दान देत होता. जेथून माणूस आला, तेथूनच मालही आला. या मालात सर्वांत साधी आणि सर्वांत अपरिहार्य वस्तू होती मीठ. पनवेल, उरण, पेण या पट्ट्यातील मिठागरांत ते पिकायचे आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढायचे. मिठागरावरूनच 'आगरी' हे नाव रूढ झाले, आणि 'लवण' वाहणारे ते 'लमाण' अशीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते.

३)
मिठाचे राजकीय मोल ओळखणारा राजा आपल्याच भूमीत होऊन गेला. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचा सुभेदार नरहरी आनंदराव याला पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीज अमलाखालील बारदेशचे मीठ स्वस्त पडत होते; व्यापारी तिकडे वळले तर संगमेश्वराकडील मिठाचा बाजार बुडणार होता. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे ते संगमेश्वरी मिठाहून महाग पडेल, असा त्या आज्ञेचा आशय आहे. आजच्या भाषेत हे संरक्षक जकातीचे धोरण. त्यामागे स्वराज्याचा महसूल होता, मिठागरात राबणाऱ्या रयतेची भाकरीही होती.

४)
आता हेच मीठ वैद्याच्या बटव्यात पाहू. शार्ङ्गधरसंहितेत 'लवणभास्कर चूर्ण' सांगितले आहे. त्यात सर्वाधिक वाटा सामुद्र लवणाचा, म्हणजे समुद्राच्या मिठाचा; सोबत सैंधव, सौवर्चल व विड ही लवणे, आणि जिरे, सुंठ, मिरी, पिंपळी, धने, डाळिंब. अग्निमांद्य, अजीर्ण, ग्रहणी या विकारांसाठी ते ताकाबरोबर घ्यावे, असा प्रघात. मात्र याच परंपरेत चरकसंहितेने पिंपळी, क्षार आणि लवण या तिघांचा अतिरेक टाळावा, असे बजावले आहे. मीठ हे औषध खरे, पण मापात. ही मापाची गोष्ट लक्षात ठेवा, कारण धाग्याच्या शेवटी ती पुन्हा येणार आहे.

५)
मिठापाठोपाठ समुद्राची इतर लेणी आली. शंख, मोत्याची शिंप, पोवळे, मोती, समुद्रफेन आणि मालदीवकडून येणारी कवडी. कवडी बाजारात चलन होती आणि खलात औषध. रसशास्त्राने या द्रव्यांची शुद्धी करून, त्यांना अग्नीचे पुट देऊन भस्मे केली. शंखवटीत शंखभस्म पडते. योगरत्नाकरातील 'प्रवाळ पंचामृत' या कल्पात पोवळे, मोती, शंख, शिंप आणि कवडी ही पाचही द्रव्ये समुद्राची आहेत. त्यांना रुईच्या चिकाची भावना देतात. गुल्म, उदरशूल, अम्लपित्त, ग्रहणी, म्हणजे थोडक्यात जठर आणि आतडे, हेच या औषधांचे मुख्य कार्यक्षेत्र मानले गेले.

६)
रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही पाचही द्रव्ये मुख्यतः एकच आहेत: कॅल्शियम कार्बोनेट. समुद्रातील प्राणी पाण्यातले कॅल्शियम घेऊन आपले घर बांधतात. त्या घराला तीव्र आच दिली की कर्बवायू निघून जातो आणि चुन्याच्या जातीचे अल्कधर्मी चूर्ण उरते. जठरातले आम्ल आणि हे चूर्ण एकत्र आले की आम्लाची धार कमी होते. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक आम्लशामक गोळ्यांचा आधारही कॅल्शियम कार्बोनेटच आहे. म्हणजे जळजळीवर शंखभस्म देणाऱ्या वैद्याचे निरीक्षण निराधार नव्हते. परंतु जळजळ हा एक विकार झाला. आतड्याचा सर्वांत भयंकर शत्रू वेगळाच होता, आणि त्याच्यापुढे शंख निष्प्रभ ठरणार होता.

७)
त्या शत्रूचे एक जुने मराठी-कोंकणी नाव 'मोडशी'. आज आपण अपचनाला मोडशी म्हणतो. पण सोळाव्या शतकातील गोव्यात या शब्दाने माणसांचा थरकाप उडत असे. गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिवृत्तकाराने १५४३ साली गोव्यात उसळलेल्या साथीचे वर्णन केले आहे. पुढे १५६३ मध्ये वैद्य गार्सिया द ऑर्ता यांचा औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यातही ही व्याधी स्थानिक नावानिशी येते. हे ऑर्ता म्हणजे तेच, ज्यांना पोर्तुगीज राजवटीत मुंबई बेट खंडाने मिळाले होते!

८)
या शब्दाचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. 'मोडशी'चे पोर्तुगीजांनी 'मोर्देशिम' केले. फ्रेंचांच्या कानाला ते 'मोर द शियां' असे ऐकू आले, आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ झाला 'कुत्र्याचे मरण'! एका कोंकणी शब्दाला युरोपात असे भयाण रूप मिळाले. उपचारही तितकेच भयाण होते: रोग्याच्या टाचेला तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याची पद्धत युरोपीय प्रवाशांनी नोंदविली आहे. सोळाव्या शतकातील मोडशी म्हणजे आजचा कॉलराच होता की काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र उलट्या, जुलाब आणि काही तासांत मृत्यू ही लक्षणे वाचताना अंगावर काटा येतो.

९)
१८१७ साली बंगालमधील जेसोरकडे कॉलऱ्याची मोठी साथ उसळली आणि सैन्ये, व्यापारी, यात्रेकरू यांच्यासोबत ती देशभर पसरली. तो काळ आठवा: नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव शरण आले. पेशवाईचा सूर्य मावळत असतानाच ही पटकी दक्षिणेत उतरली. १८१८ च्या पावसाळ्यात ती पुण्यात होती, नंतर पनवेलला आणि ऑगस्टमध्ये मुंबईत. आता नकाशा उघडा. पुणे आणि पनवेल यांच्यामधली वाट कोठून जाते? मावळातून, बोरघाटातून. ज्या वाटेने समुद्राचे मीठ वर चढत होते, त्याच वाटेने मरण खाली उतरले.

१०)
गावांनी या मरणाला देवीचे रूप दिले. मरीआई, जरीमरी अशी तिची नावे. महाराष्ट्रात अनेक गावांच्या वेशीवर आजही तिचे ठाणे आढळते. साथ आली की मरीआईचा गाडा काढून तो गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. गाव आपल्या शिवेबाहेर गाडा सोडी, पण पुढच्या गावाची शीव तेथूनच सुरू होई. आणि सर्व गावांना जोडणारी एक गोष्ट वाहतच होती: नदी. इंद्रायणी इंदुरीवरून देहूला आणि पुढे आळंदीला जाते. तिच्याच काठाने वारकरी चालत. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेतून साथ पसरण्याची धास्ती सरकारी आरोग्यखात्याला सतत असे. वारीतून न परतलेल्या कितीतरी माणसांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत.

११)
शंखभस्म येथे का हरले? कारण कॉलऱ्यात आम्लाचा प्रश्नच नसतो. कॉलऱ्याचा जंतू लहान आतड्यात विष सोडतो. त्या विषाने आतड्याच्या पेशींतून क्षार आणि त्यामागोमाग पाणी आतड्याच्या पोकळीत झिरपू लागते. एका दिवसात दहा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी निघून जाऊ शकते. डोळे खोल जातात, कातडी सुरकुतते, नाडी लागत नाही. माणूस जणू आतून सुकून मरतो. जठरातले आम्ल हे तर अशा जंतूंविरुद्धचे आपले पहिले तटबंदीचे दार. ते कमकुवत झाले तर जंतूंना आत शिरणे उलट सोपे जाते. औषध चांगले की वाईट, हे केवळ द्रव्यावर ठरत नाही. व्याधी कोणती, यावरही ठरते.

१२)
१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि १८५६ पासून रेल्वेचे काम सुरू झाले. खंडाळ्याचे बोगदे आणि पूल १८६३ मध्ये पूर्ण झाले. या कामावर एके काळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. उघड्यावरच्या वस्त्या, दूषित पाणी आणि वारंवारची पटकी यांनी त्यांच्यातील हजारो माणसे नेली. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदारही १८५९ मध्ये येथे आल्यावर अल्पावधीतच आजाराने मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कामाची जबाबदारी पुढे चालविली. लोणावळ्याला जाताना खिडकीतून धबधबे पाहणाऱ्या प्रत्येकाने क्षणभर त्या निनावी मजुरांचे स्मरण करावे.

१३)
आता समुद्र पुन्हा एकदा मदतीला येतो, आणि तोही अगदी अनपेक्षित रूपात. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांनी कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखविले. त्याच वर्षी इटलीत पाचिनी यांनी सूक्ष्मदर्शकातून तो जंतू पाहिला. पण जंतू वेगळा काढून वाढवायचा कशावर? जिलेटिन उष्णतेने वितळायचे. १८८१ मध्ये जर्मनीतील फॅनी हेस या गृहिणीने आपल्या शास्त्रज्ञ पतीला स्वयंपाकघरातील एक युक्ती सुचविली: समुद्रशैवालापासून काढलेले अगार. जाव्याशी संबंध असलेल्या परिचितांकडून तिला ते माहीत झाले होते. अगार शरीराच्या तापमानालाही घट्ट राहते. शब्द मलाय भाषेतला. आपल्या 'मिठागरा'शी त्याचे उच्चारसाम्य हा केवळ योगायोग.

१४)
रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू निश्चित केला. १८९३ मध्ये वाल्देमार हाफकिन भारतात आले आणि त्यांनी बंगालसह अनेक ठिकाणी कॉलऱ्याची लस टोचण्यास आरंभ केला. या लशीसाठीचे जंतू अगारवर वाढवीत असत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ते येथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. परळच्या त्या वास्तूसमोरून जाताना समुद्रशैवालाचेही ऋण आठवावे.

१५)
जंतू सापडला, लस आली. पण तडफडणाऱ्या रोग्याला वाचवायचे कसे? उत्तर सापडले मिठात! कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी १९५० च्या दशकात दाखविले की सारा अनर्थ जंतूच्या विषाने होतो. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडले की आतड्याच्या पेशीत साखर आणि सोडियम हे जोडीने आत शिरतात. कॉलऱ्यातही हे दार उघडेच राहते. म्हणजे नुसते मीठ किंवा नुसते पाणी पाजून भागत नाही. योग्य मापात मीठ आणि साखर एकत्र दिली की त्यांच्यामागे पाणीही शरीरात परतते. १९६८ मध्ये ढाक्यात नलिन आणि कॅश यांनी हे रोग्यांवर सिद्ध केले.

१६)
खरी कसोटी लागली १९७१ साली, बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात. बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, जमिनीवर रोगी पसरलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असे मिश्रण पिंपांत भरून नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. चरकाची ती मापाची गोष्ट आठवते ना? मीठ तेच, समुद्राचे. माप आणि सोबती बदलला, आणि मरण परतले. २०२३ मध्ये डॉ. महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

१७)
आपल्या घरातली मीठ घातलेली तांदळाची पेज, लिंबू-साखर-मिठाचे सरबत ही या औषधाची दूरची भावंडे म्हणता येतील. पेजेतील पिष्टाची आतड्यात साखरच होते. मग जुन्या काळी माणसे का मेली? एक तर उलट्या-जुलाबांत पाणी तोडण्याचीच समजूत अनेक ठिकाणी होती. दुसरे, किती गेले तितके भरून काढायचे, हे गणित कोणाला अवगत नव्हते. ज्ञान अर्धे असले की ते असूनही हाती येत नाही. आज ओआरएसच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज, सोबत पोटॅशियम व सायट्रेट, हे सारे एक लिटर पाण्यासाठी मोजून भरलेले असते. म्हणूनच पुडी अर्धी करून पेल्यात घालू नये. पूर्ण लिटरभर स्वच्छ पाण्यातच कालवावी.

१८)
समुद्राचे अजून एक रहस्य उरते. कॉलऱ्याचा जंतू मुळात खाडी आणि समुद्राच्या पाण्यातला रहिवासी. तेथे तो तरंगणाऱ्या सूक्ष्म कवचधारी जीवांच्या अंगावरील कायटिन या द्रव्याला चिकटून राहतो. कोळंबी आणि खेकड्याच्या कवचातही हेच कायटिन असते. रिटा कोलवेल यांनी या नात्याचा अनेक दशके अभ्यास केला. जंतू चिमुकला असला तरी त्याचे वाहन मोठे. मग ते वाहनच गाळले तर? बांगलादेशातील मतलब परिसरात जुन्या सुती साडीच्या घड्या घालून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. २००३ मध्ये निष्कर्ष आले: कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला. पाणी गाळून प्यावे, ही आपल्या आजीची शिस्त अशी समुद्राच्या कवचापर्यंत पोहोचते.

१९)
आणि समुद्र थेट आपल्या आतड्यात वस्तीला येतो, याचाही एक सुंदर दाखला आहे. जपानी लोक शतकानुशतके नोरी हे समुद्रशैवाल खात आले. त्यातील शर्करा माणसाला पचत नाही. २०१० साली संशोधकांना दिसले की काही जपानी लोकांच्या आतड्यातील जिवाणूंनी ती पचविण्याचे जनुक समुद्री जिवाणूंकडून मिळविलेले आहे. आहाराचा इतिहास असा पोटातल्या सूक्ष्म जीवांत लिहिला जातो. आज शैवालातील शर्करा, कायटिनपासूनचे कायटोसान अशा द्रव्यांचा आतड्याच्या आरोग्यासाठी जगभर अभ्यास चालू आहे. यांतील कितीतरी निष्कर्ष अजून प्रयोगशाळेतील प्राण्यांपुरते आहेत. म्हणून जाहिरातीतल्या चमत्कारांना भुलू नये.

२०)
पुन्हा इंदुरीला येऊ. बुरुजावर उभे राहिले की खाली इंद्रायणी दिसते, पलीकडे भंडारा. या गढीने दाभाड्यांचे वैभव पाहिले. १७३१ मध्ये डभईच्या रणात सेनापती त्रिंबकराव पडल्याची वार्ता याच मुलखात आली असेल. तलवारीने मेलेल्यांची नावे बखरींत राहिली. मोडशीने मेलेल्यांची राहिली नाहीत. तरी त्यांची संख्या कितीतरी मोठी, आणि त्यांच्या मरणातूनच पाण्याचे, मिठाचे आणि मापाचे ज्ञान हळूहळू साकारले. इतिहास म्हणजे किल्ले आणि लढाया खरेच. पण चुलीवरची पेज, बैलावरचे मिठाचे गोणते आणि वेशीवरची मरीआई हीसुद्धा इतिहासाचीच साधने आहेत.

२१)
वाचकहो, आता एक विनंती. आपापल्या गावात मरीआईचे किंवा जरीमरीचे ठाणे असल्यास त्याची जागा पाहा: ते जुन्या वेशीवर आहे का, पाणवठ्याजवळ आहे का, घाटवाटेवर आहे का? घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, पटकीच्या वर्षाची एखादी आठवण त्यांच्या आजी-आजोबांकडून त्यांच्या कानी आली आहे का? जे सापडेल ते खाली अवश्य लिहा. असे तुकडे जुळले की नकाशावर एक विस्मृत वाट पुन्हा उमटेल. लेखनसीमा.